विंडोज सोडायचं का? घरचा कॉम्प्युटर बदलायच्या आधी काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे फुकटचे सिक्युरिटी अपडेट बंद झाले आणि तेव्हापासून मला नातेवाइकांचे, सोसायटीतल्या लोकांचे एकाच प्रकारचे फोन येतायत, मशीन जुनं झालंय, आता मॅक घेऊ का, की ते लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम) टाकू, की नवीन विंडोजचाच लॅपटॉप आणू. आधी विचारलं तर बरं वाटतं. पण बरेच फोन घेऊन झाल्यावरचे असतात. नवीन मशीन आलं, फोटो कॉपी केले, जुना लॅपटॉप भाच्याला देऊन टाकला आणि मग कळलं की प्रिंटर चालत नाही, सीएला पाठवायची फाइल उघडत नाही आणि आईचं मराठी टायपिंग गेलं. यात मॅकची चूक नसते, लिनक्सचीही नसते, सगळं उलट्या क्रमाने झालेलं असतं.

म्हणून खाली टप्पे दिलेत ते त्याच क्रमाने करा. ठरवायला तीन-चार आठवडे लागतील, तेवढे द्या. पाचवा टप्पा संपेपर्यंत नवीन मशीनवर एक रुपयाही खर्च करायचा नाही आणि आठव्या टप्प्यापर्यंत जुनं मशीन घरातून हलवायचं नाही.

## टप्पा १: त्रास नेमका कशाचा आहे ते पकडा

कोणी बदलायचं म्हणालं की मी पहिल्यांदा एवढंच विचारतो, काय होत नाहीये? बहुतेक वेळा उत्तर येतं "स्लो झालाय". आता स्लो व्हायचं कारण बऱ्याचदा विंडोज नसतंच, आतली जुनी हार्ड डिस्क असते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा, तिथे एचडीडी (जुनी, फिरणारी डिस्क) लिहिलंय की एसएसडी (नवी, वेगवान) ते बघा. एचडीडी असेल आणि मशीन सुरू केल्यावर दहा मिनिटं डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटून राहत असेल तर दुखणं सापडलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एसएसडी बसवून जुन्या डिस्कचा क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करून देणारी दुकानं भरपूर आहेत, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, आणि नवीन लॅपटॉपच्या मानाने हा खर्च अगदीच कमी असतो. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ होते का तेही विचारा, पण बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच पक्की केलेली असते त्यामुळे मॉडेल नंबर घेऊनच जा.

दुसरं कारण म्हणजे विंडोज ११ चालत नाही. हे अंदाजाने ठरवू नका. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप आहे ते चालवा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय), सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर लागतो, इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढे आणि एएमडीमध्ये रायझन २००० पासून पुढे. इंटेलच्या नंबरात पिढी कशी वाचायची? आय ५ च्या पुढे ७२०० असेल तर सातवी, ८२५० असेल तर आठवी.

थांबा: ॲपने "टीपीएम नाही" सांगितलं म्हणून लगेच हार मानू नका. प्रोसेसर नवीन असूनही टीपीएम बायॉसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) बंद असतं, असं मी कितीतरी घरी बघितलंय. इंटेलच्या मशीनवर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू केलं की झालं. पण त्या सेटिंगला हात लावायच्या आधी या टप्प्याच्या शेवटी लिहिलेलं बिटलॉकरचं (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) बघा.

प्रोसेसरच जुना असेल तर घाई टाळायला एक सोय आहे. विंडोज १० ला जादा सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकटही मिळतात, विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक येते. हे फक्त विचार करायला वेळ मिळावा म्हणून, कायमचा उपाय नाही. आणि न चालणाऱ्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकून देणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही आणि ज्या मशीनवरून बँकेचं काम होतं तिथे हा धोका घ्यायचा नसतो.

बिटलॉकरचं असं आहे की आजकाल बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. बायॉसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेव्ह असते. आत्ताच खात्यात लॉगिन करून ती की कागदावर उतरवा, आणि खात्याचाच पासवर्ड आठवत नसेल तर बाकी सगळं थांबवून आधी ते सोडवा.

तपासा: कागदावर एक वाक्य पूर्ण करता येतंय का? "मला अमुक काम करता येत नाही, कारण तमुक." वाक्य होत नसेल तर बदलायचं कारण अजून सापडलेलं नाही.

## टप्पा २: घरातल्या सगळ्यांच्या कामांची यादी

ही पायरी जवळजवळ प्रत्येकजण गाळतो आणि पुढचा सगळा मनस्ताप इथूनच सुरू होतो.

फ्रिजवर एक कागद लावा. जो कोणी कॉम्प्युटरवर बसेल त्याने उठताना लिहायचं, काय केलं, कुठल्या प्रोग्राममध्ये केलं, मशीनला काय जोडलं होतं. दोन आठवडे पुरेत. "ऑफिसचं काम" असं मोघम नको. "एक्सेलमध्ये सोसायटीच्या मेंटेनन्सची शीट, बटण दाबलं की बिलं तयार होतात" असं पाहिजे. ते बटण म्हणजे मॅक्रो, आणि पुढच्या टप्प्यात सगळं त्या बटणावर अडणार आहे.

मग त्याच कागदाच्या मागे वर्षातून एक-दोनदाच येणारी कामं लिहा. दोन आठवड्यांत ती दिसणारच नाहीत. जुलैमधलं इन्कम टॅक्स रिटर्न, जीएसटी असेल तर ते, सोसायटीच्या ऑडिटच्या फाइली, अकरावीचे नाहीतर डिप्लोमाचे ॲडमिशन फॉर्म, गणपती मंडळाची वर्गणीची पावती आणि अहवाल, वडिलांच्या पेन्शनची कागदपत्रं, लग्नाचे जुने व्हिडिओ. बहुतेक लोक अडकतात ते अशाच कामात, कारण ते आठ महिन्यांनी उगवतं आणि तोवर जुनं मशीन गेलेलं असतं.

प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक शब्द लिहा. "ब्राउझर" म्हणजे काम वेबसाइटवरच होतं, ते कुठेही चालेल. "पर्याय" म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने जमेल असं वाटतं. "अडणार" म्हणजे हाच प्रोग्राम नाहीतर हेच यंत्र पाहिजे.

यादीत सगळीकडे "ब्राउझर" असेल तर तुम्ही मोकळे आहात, काहीही घ्या. तीन-चार ठिकाणी "अडणार" असेल तर पुढचा टप्पा नीट वाचा.

## टप्पा ३: अडणारी कामं एकेक करून सोडवा

टॅली, डिजिटल सही, टॅक्सची कामं

टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. मॅकवर ती चालवायची तर पॅरलल्ससारखं सॉफ्टवेअर घेऊन आत विंडोज बसवावं लागतं, तो वेगळा खर्च आणि वेगळी कटकट. घरातल्या एकाचं जरी रोजचं काम टॅलीवर असेल तर ते मशीन विंडोजवरच राहू द्या असं माझं स्पष्ट मत आहे.

डिजिटल सहीचा यूएसबी टोकन असतो त्यात सहीची किल्ली टोकनच्या आतच राहते, ती कॉपी करून दुसरीकडे नेता येत नाही, नवीन मशीनवर फक्त ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारा प्रोग्राम) आणि सही करायचं छोटं सॉफ्टवेअर लागतं. ते मॅकच्या किंवा लिनक्सच्या तुमच्याच व्हर्जनसाठी मिळतंय का हे टोकन देणाऱ्याला आधी विचारा. आणि एक बारीक गोष्ट, नवीन मॅकमध्ये पॅरलल्समधून जे विंडोज चालतं ते आर्म प्रकारचं, म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठीचं असतं, साध्या प्रोग्रामना ते चालतं पण ड्रायव्हर आर्मसाठीच बनवलेले लागतात, त्यामुळे "मॅकमध्ये विंडोज टाकू, टोकन चालेल" हे गृहीत धरू नका.

साधं पगारदाराचं रिटर्न पोर्टलवर ब्राउझरमधून भरता येतं, तिथे प्लॅटफॉर्मचा, म्हणजे विंडोज, मॅक की लिनक्स हा प्रश्न नाही. तुमचा सीए एक्सेलची मॅक्रोवाली युटिलिटी वापरत असेल तर मात्र ती विंडोजच्या एक्सेलसाठी असते.

एक्सेल आणि वर्ड

मॅकवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस मिळतं, पण ॲक्सेस मिळत नाही, पॉवर पिव्होट नाही आणि काही मॅक्रो, विशेषतः ॲक्टिव्हएक्सची बटणं असलेले, चालत नाहीत. लिनक्सवर ऑफिस बसत नाही, लिब्रेऑफिस (ऑफिससारखं फुकटचं सॉफ्टवेअर) वापरायचं नाहीतर ब्राउझरमधलं ऑफिस. साध्या शीटला लिब्रेऑफिस उत्तम आहे, मी स्वतः घरचे हिशेब त्यातच ठेवतो. पण समोरच्याने वर्डमध्ये रंगीत तक्ते करून पाठवलेली फाइल थोडी सरकलेली दिसेल हे धरून चाला. नवीन लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस त्या लॅपटॉपलाच बांधलेलं असतं, ते दुसरीकडे नेता येत नाही. दरवर्षी पैसे भरायचं मायक्रोसॉफ्ट ३६५ विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं.

प्रिंटर

आपल्याकडे घरोघरी आणि दुकानोदुकानी एचपी १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे छोटे लेझर प्रिंटर पंधरा-पंधरा वर्षं चालतायत आणि नेमके हेच नवीन प्लॅटफॉर्मवर रुसतात. त्यांचं अर्धं काम कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो, त्यामुळे योग्य ड्रायव्हर नसेल तर प्रिंटर नुसताच लाइट लावून बसतो. १०२० लिनक्सवर एचपीलिपचं (एचपी प्रिंटरचा लिनक्सवरचा ड्रायव्हर) जादा प्लगइन टाकल्यावर चालतो, २९०० ला लिनक्सवर बरीच खटपट लागते. प्रिंटर वायफायवाला असेल आणि त्याच्या खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेलं असेल तर मॅकवर आणि हल्लीच्या लिनक्सवर तो बहुधा ड्रायव्हरशिवाय सापडतो.

मराठी

इथे जास्त वेळ देतोय, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हे कधीच नसतं.

माझी मावशी गिरगावात राहते, महिला मंडळाचे अहवाल ती वीस वर्षं टाइप करते. एक दिवस तिने पेनड्राइव्ह मुलाच्या नव्या मॅकला लावला, २०११ चा अहवाल उघडला, चष्मा पुसून परत बघितलं. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, मधेच एखादा डॉलर. "माझं सगळं गेलं का रे?" एवढंच म्हणाली. गेलं काहीच नव्हतं. श्री-लिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट युनिकोड (सगळ्या मशीनवर अक्षरांना सारखाच कोड देणारी पद्धत) नसायचे, त्यात "क" साठी फाइलमध्ये खरंतर इंग्रजी अक्षराचा कोड ठेवलेला असतो आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचं चित्र चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

यावर उपाय जुन्या मशीनवरच करायचा, फॉन्ट चालू आहेत तोवर:

१. अशा सगळ्या फाइली शोधून एका फोल्डरमध्ये घ्या. ओळखायचं कसं, फाइल उघडून मजकूर सिलेक्ट करा आणि फॉन्ट बदलून मंगल किंवा निर्मला करा. मराठीच राहिलं तर युनिकोड, कचरा झाला तर जुना फॉन्ट. बघून झालं की बदल सेव्ह न करता बंद करा.
२. प्रत्येकीची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच राहतो, निदान वाचता तरी येईल.
३. ज्या फाइली पुढे बदलायच्या आहेत त्याच कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफ शेजारी ठेवून वाचा. चुका होतात त्या ठरलेल्या जागी, रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं.

मावशीच्या साठेक फाइलींना आम्हाला दोन रविवार लागले, ती वाचून दाखवायची आणि मी दुरुस्त करायचो. वीस वर्षांच्या हळदीकुंकवांचे, सहलींचे हिशेब आहेत त्यात, दोन रविवार काहीच नाहीत.

टायपिंगचं वेगळं. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट (प्रत्येक मराठी अक्षराची जागा ठरलेली) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे) असे दोन्ही कीबोर्ड आहेत, मॅकवर कीबोर्डच्या सेटिंगमधून मराठी जोडता येतं, लिनक्सवर आयबस नावाच्या कीबोर्डच्या सेटिंगमधून. तिन्हीकडचा इनस्क्रिप्ट जवळजवळ सारखा आहे त्यामुळे ज्याला इनस्क्रिप्ट येतो त्याला त्रास नाही. फोनेटिकवाल्यांना होतो, कारण प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, कुठे मोठ्या अक्षराने "ळ" येतो कुठे भलत्याच अक्षराने. म्हणून हे शब्द टाइप करून बघा: दुसऱ्या, वाऱ्यावर, ॲप, बॅट, ज्ञान, कृपा, बाळ, श्रद्धा. "दुसऱ्या"तला र नीट उमटला तर बाकीचं बहुतेक जमतं.

आणि मंगल फॉन्ट विंडोजचा आहे, दुसरीकडे तो नसला तर ओळी सरकतात. मुक्त, बलू हे मुंबईतल्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले फॉन्ट फुकट आहेत आणि तिन्ही प्लॅटफॉर्मवर बसतात, पत्रकं-अहवालांसाठी तेच धरा.

मुलांचं

ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर कॉलेज कुठलं वापरतं ते लेखी विचारा. उदाहरणार्थ सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज आणि मॅकवर आहे, लिनक्सवर नाही. ऑटोकॅड मॅकवर मिळतं पण रेव्हिट आणि सॉलिडवर्क्स मिळत नाहीत, त्यामुळे आर्किटेक्चर किंवा मेकॅनिकलला जाणाऱ्या मुलासाठी मॅक घ्यायच्या आधी सीनियरना विचारा. खेळांमध्ये व्हॅलोरंट मॅकवरही नाही, लिनक्सवरही नाही. घरात बारावीनंतरचं मूल असेल तर हा मुद्दा शेवटी मोठं भांडण होतो, आधीच बोलून घ्या.

फोन

अँड्रॉइड फोन केबलने मॅकला लावला तर पेनड्राइव्हसारखा उघडत नाही. लोकलसेंड नावाचं फुकट ॲप सगळीकडे चालतं, घरच्या वायफायवरून फोटो पाठवता येतात. व्हॉट्सॲपचं ॲप विंडोज आणि मॅकला आहे, लिनक्सवर ब्राउझरमधलं वापरायचं.

तपासा: यादीतल्या प्रत्येक "अडणार" पुढे आता "सुटलं" किंवा "सुटत नाही" लिहिता आलं पाहिजे. "बघू" चालणार नाही. रोजच्या कामापुढे एक जरी "सुटत नाही" असेल तर त्या माणसासाठी प्लॅटफॉर्म बदलू नका, एसएसडी टाका किंवा विंडोज ११ वाला लॅपटॉप घ्या. वर्षातून एकदाचं काम सुटत नसेल तर ते सीएकडे नाहीतर भावाच्या मशीनवर होईल का ते बघा आणि त्याला आत्ताच फोन करून विचारा.

## टप्पा ४: पंधरा दिवस करून बघा, काहीही न घेता

पहिला आठवडा सध्याच्याच मशीनवर. लिब्रेऑफिस आणि मेलसाठी थंडरबर्ड टाका, ब्राउझर जो पुढे वापरणार तोच लावा आणि घरच्यांना सांगा की आठवडाभर हेच वापरायचं. माणसाची सवय मोडते का ते विंडोज न सोडता कळतं. मला विचाराल तर अर्धा निर्णय या आठवड्यातच होतो.

दुसरा आठवडा, लिनक्स विचारात असेल तर:

१. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे.
२. लिनक्स मिंट किंवा उबंटूची फाइल त्यांच्याच साइटवरून उतरवा. उबंटूचं एलटीएस व्हर्जन घ्या, त्याला पाच वर्षं अपडेट मिळतात, मिंट त्याच्यावरच बांधलेलं आहे.
३. रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी-पेस्ट केली तर बूट होत नाही, ही चूक फार जण करतात.
४. मशीन रीस्टार्ट करून बूटची की दाबा, कंपनीप्रमाणे एफ १२, एफ ९ किंवा एस्केप असते, आणि पेनड्राइव्ह निवडा.
५. "ट्राय" निवडा. "इन्स्टॉल"ला आत्ता हात लावायचा नाही.
६. वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा, झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतं का, टीव्हीला एचडीएमआयने जोडून चित्र येतं का, प्रिंटर आणि वरचे मराठी शब्द, हे सगळं एकेक बघा आणि लिहा.

थांबा: पेनड्राइव्हवरून सगळं हळूच चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. आणि बंद केल्यावर त्यात केलेलं काहीही राहत नाही, त्यामुळे खरं काम त्यात करू नका.

मॅक विचारात असेल तर ओळखीच्या कोणाच्या तरी मॅकवर एक अख्खी संध्याकाळ बसा. कोणीच नसेल तर मुंबईत बीकेसीला ॲपलचं स्टोअर आहे, तिथे मांडलेल्या मशीनवर हात फिरवा, पण स्वतःच्या बँकेत किंवा मेलमध्ये लॉगिन करू नका. बघायचं काय, तर कॉपी-पेस्टला कंट्रोलऐवजी कमांड, लाल बटण दाबलं तरी प्रोग्राम बंद न होता मागे चालू राहणं, आणि फाइंडरमध्ये (मॅकमधली फाइली बघायची खिडकी) आपली फाइल सापडते का. आई-वडील वापरणार असतील तर त्यांना घेऊन जा, त्यांच्या वतीने तुम्ही ठरवू नका.

## टप्पा ५: सगळा खर्च एका कागदावर

मॅकची रॅम आणि मॅकबुकची स्टोरेज नंतर वाढवता येत नाही. आज घ्याल तीच शेवटपर्यंत. म्हणून खोक्यावरच्या किमतीत यूएसबी-सीचा हब, बाहेरची डिस्क, ऑफिसचे पैसे आणि लागत असेल तर पॅरलल्स धरा आणि मग तुलना करा.

सेकंडहँड मॅक घेताय? इंटेलवाला स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. ॲपलने जाहीर केलंय की मॅकओएस २६, म्हणजे टाहो, हे इंटेल मॅकसाठीचं शेवटचं व्हर्जन, आणि तेही इंटेलच्या मोजक्याच मॉडेलवर चालतं. ॲपलच्याच प्रोसेसरचा, एम १ किंवा पुढचा बघा. विकणाऱ्याने त्याचं ॲपल खातं तुमच्यासमोर काढून मशीन नव्यासारखं सुरू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉक लागलेलं, म्हणजे जुन्या मालकाच्या खात्याशिवाय न उघडणारं मशीन हातात येतं. एखाद्या कंपनीच्या नावावर नोंद असलेला मॅक असेल तर सुरू करताना त्या कंपनीचं नाव येतं, तो परत करा.

लिनक्सला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. इथे प्रश्न एकच: काही अडलं तर घरात कोण बघणार? तुम्ही पुण्याला नोकरीला जाणार असाल आणि मागे आई-बाबा राहणार असतील तर फोनवरून कसं सांगाल याचा खरा विचार करा. दुसऱ्या बाजूने, ज्यांचं सगळं ब्राउझरमध्ये होतं अशा दोन आजी-आजोबांच्या घरी मिंट विनातक्रार चालू आहे, त्यामुळे वयाचा इथे फार संबंध नाही.

आता निर्णय घ्या. कागदावर तारखेसह लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.

## टप्पा ६: बॅकअप, आणि तो उघडून बघणं

दोन डिस्क घ्या. एकच डिस्क आणि त्यावरच नवीन मशीनने कब्जा केला असं फार होतं, कारण मॅकवर टाइम मशीनसाठी (मॅकची बॅकअपची सोय) डिस्क दिली की ती तो आधी पुसतो. विंडोजमध्ये वापरलेली एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) डिस्क मॅक वाचतो पण त्यावर लिहीत नाही. ने-आण करायची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, ती सगळीकडे चालते.

मला एकदा धडा मिळालाय तो सांगतो. मुलुंडच्या मित्राचं मशीन बदलताना मी त्याचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी केले, फोल्डर दिसत होते, नावं दिसत होती, आणि नव्या मशीनवर त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो उघडेनात. ते फोटो डिस्कवर नव्हतेच, क्लाउडवर होते, मशीनवर फक्त नावं ठेवलेली होती. जुनं मशीन अजून पुसलेलं नव्हतं आणि त्याचं क्लाउडचं खातं चालू होतं म्हणून फोटो परत मिळाले. वनड्राइव्हमध्ये फाइलच्या शेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल मशीनवर नाही. फोल्डरवर उजवं क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" निवडा, सगळे ढग हिरव्या खुणा होईपर्यंत थांबा आणि मगच कॉपी करा.

हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी: टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, आयट्यून्सने घेतलेला आयफोनचा बॅकअप, डाउनलोड्समध्ये पडलेल्या पावत्या, डी ड्राइव्ह. पासवर्ड फाइलमध्ये काढलेत तर ती फाइल उघडी असते, कोणीही वाचू शकतं, काम झालं की दोन्ही मशीनवरून उडवा आणि रीसायकल बिनमधूनही.

तपासा: बॅकअपची डिस्क दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनला लावा आणि प्रत्येक फोल्डरमधल्या पाच-पाच फाइली उघडून बघा, त्यात एक जुनी मराठी, एक व्हिडिओ आणि एक एक्सेल असू दे. उघडून न बघितलेला बॅकअप मी धरतच नाही. दुसरी डिस्क दुसऱ्या घरी ठेवा, आणि तळमजल्यावर राहत असाल तर पावसाळ्यात घरातली डिस्क माळ्यावर. मुंबईत पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता, सायनच्या लोकांना हे सांगावं लागत नाही.

## टप्पा ७: प्रत्यक्ष बदल

शुक्रवारी रात्री सुरू करू नका, रविवारी सकाळी करा म्हणजे दिवस हातात असतो. दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा रिटर्नची शेवटची तारीख नको. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावा, इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली तर अर्धवट राहतं.

क्रम असा: आधी सगळे अपडेट, मग मराठी कीबोर्ड, मग प्रिंटर, मग मेल, मग टप्पा दोनच्या यादीतले प्रोग्राम, आणि डेटा सगळ्यात शेवटी. लोक डेटापासून सुरुवात करतात, मग काही बिघडलं की परत सगळं पुसताना घाबरतात. मॅकवर मायग्रेशन असिस्टंट नावाचा प्रोग्राम विंडोजमधून बऱ्याच गोष्टी आणतो, पण मी तरी फोल्डर हाताने कॉपी करतो, काय आलं आणि काय नाही ते कळतं.

लिनक्स टाकताना एकाच डिस्कवर विंडोजशेजारी बसवायचा मोह होतो. पहिल्यांदा करत असाल तर तसं करू नका. वेगळी एसएसडी लावा, विंडोजची जुनी डिस्क काढून नाव लिहून कपाटात ठेवा. कधीही परत जाता येतं. शेजारीशेजारी बसवायचंच असेल तर बिटलॉकर आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

टॅली दुसऱ्या विंडोज मशीनवर नेत असाल तर जुन्या मशीनवर लायसन्स सरेंडर (टॅलीतूनच परत) करूनच निघा.

## टप्पा ८: जुनं मशीन कधी सोडायचं

जुनं मशीन किमान तीन महिने पुसू नका, कोणाला देऊ नका, आणि जुलैमधलं रिटर्न किंवा सोसायटीचं ऑडिट जवळ असेल तर ते होईपर्यंत. चार्जरसकट एका जागी ठेवा, महिन्यातून एकदा चालू करून बघा. या काळात त्यावर कोणी काय उघडलं ते परत फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं. सलग सहा आठवडे काहीच लिहिलं गेलं नाही तरच ते द्यायला काढा.

द्यायच्या आधी ब्राउझर, मेल, व्हॉट्सॲप यातून लॉगआउट करा, मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या डिव्हाइसच्या यादीतून ते मशीन काढा, मग रीसेटमधून "रिमूव्ह एव्हरीथिंग" आणि त्यात ड्राइव्ह साफ करायचा पर्यायही निवडा. मशीन चालूच होत नसेल तर मागचे स्क्रू काढून डिस्क बाहेर घ्या आणि बाकीचं ई-वेस्टला द्या, भंगारवाल्याला डिस्कसकट देऊ नका. काढलेल्या डिस्कवर तारीख आणि कोणाची ते लिहून ठेवा.